वरच्या वाडीचा चढ आणि पाच टायर

मी दूध गोळा करतो. पाटोद्याच्या आसपासच्या वाड्यांवर सकाळ-संध्याकाळ माझा पिकअप फिरतो आणि जमलेलं दूध आम्ही शीतकरण केंद्रावर नेऊन ओततो. आम्ही म्हणजे मी आणि माझी बायको. गाडी मी चालवायची, दूध तिनं मापायचं, झाकण काढून वास घ्यायचा, लॅक्टोमीटर बुडवून बघायचा, अशी आमची वाटणी होती. भरलेला कॅन मात्र दोघांनी दोन बाजूंनी कान धरून गाडीत चढवायचा. चाळीस लिटरचा कॅन एकट्यानं उचलावा असं वय आता आमच्यापैकी कुणाचंच राहिलेलं नाही.

आमचे सहा थांबे आहेत. पहिले पाच डांबरी रस्त्याच्या कडेला, तिथं काही त्रास नाही. सहावा थांबा म्हणजे वरची वाडी. सकाळी आम्ही आधी तिथं जातो, संध्याकाळी शेवटी. तिच्यासाठी डांबरी सोडून तीन किलोमीटर आत जावं लागतं. आधी दोनेकशे पावलांचा काळ्या मातीचा सखल पट्टा, मग ओढा, ओढ्यापलीकडे मुरमाचा आणि सुट्या दगडांचा खडा चढ, आणि चढ संपला की माळ. माळावर अकरा घरं. त्यातली निम्म्याहून जास्त घरं दसऱ्यानंतर कुलूपबंद होतात, कारण माणसं ऊसतोडीला गेलेली असतात. उरतात ती म्हातारी माणसं, लेकरं आणि गाई.

दोन वर्षांपूर्वी भादव्यात झड लागली. आठ दिवस सूर्य नीट दिसला नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी मी चढाला गाडी घातली आणि अर्ध्यावर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मी जोर दिला तशी गाडीची मागची बाजू ओढ्याकडे सरकली. हौद्यात रिकामे कॅन एकमेकांवर आदळत होते. बायको शेजारी बसलेली होती. ती ओरडली नाही. दाराची मूठ घट्ट धरून एवढंच म्हणाली, "आवं, मागं घ्या."

मी गाडी इंचाइंचानं मागं घेतली. त्या दिवसापासून वरच्या वाडीला निरोप दिला, की पाऊस उघडेपर्यंत दूध डांबरी रस्त्यावर आणून द्या. ज्यांच्याकडे मोटारसायकल होती त्यांनी कसंबसं आणलं. काहींनी दूध घरीच आटवलं.

त्या वाडीत एक बाई आहेत. साठीच्या पुढच्या. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. वीसेक हंगाम ऊस तोडून त्यांचे गुडघे गेले. शेवटच्या दोन-तीन हंगामांच्या पैशातून त्यांनी दोन संकरित गाई घेतल्या आणि तोडीला जाणं थांबवलं. मुलगा आणि सून अजूनही जातात. घरात मोटारसायकल होती, पण ती मुलाबरोबर कुठंतरी बाहेर असायची. म्हणून मावशी किटली डोक्यावर घेऊन चालत यायच्या. झाकणावर खताच्या पोत्यातला प्लास्टिकचा कागद बांधलेला असायचा. तीन किलोमीटर, तेही त्या चिखलातून.

पाचव्या दिवशी त्यांना उशीर झाला. मध्ये तासभर ढग फाटून कडक ऊन पडलं होतं. त्या येईपर्यंत आम्ही थांबलो. बायकोनं कागद सोडला, झाकण काढलं, वास घेतला आणि झाकण परत लावलं. मग माझ्याकडे बघितलं. असलं बोलणं माझ्या वाट्याला येतं. एक आंबूस किटली कॅनमध्ये गेली की सगळा कॅन जातो, आणि त्या कॅनमध्ये दुसऱ्या सात घरांचं दूध असतं.

मी म्हणालो, "मावशी, नासलंय."

"नासलं का? आसंल," त्या म्हणाल्या. "लई येळ झाला मला वाटंत."

बायको म्हणाली की इथंच ओतून द्या, रिकामी किटली घेऊन जा, तेवढंच ओझं कमी. मावशींनी मान हलवली. "कुत्रं हाय दारात. त्याला घालते." असं म्हणून त्यांनी चुंबळ सारखी केली, बायकोच्या मदतीनं किटली परत डोक्यावर घेतली आणि ज्या वाटेनं आल्या त्या वाटेनं निघाल्या. काळ्या मातीच्या पट्ट्यात त्यांचा पाय रुतायचा, तेव्हा त्या एक हात किटलीला लावून दुसऱ्या हातानं पाय ओढून काढायच्या. आम्ही त्या ओढ्याआड होईपर्यंत बघत उभे राहिलो.

दुसऱ्या दिवशी त्या वेळेवर आल्या. दूध चांगलं होतं. किटली रिकामी होता होता त्यांनी सहज सांगावं तसं सांगितलं, की पुढच्या पावसाळ्यात असंच झालं तर गाई विकून टाकणार आणि सुनेबरोबर कारखान्याच्या तळावर जाणार. ऊस तोडणं आता होणार नाही, पण पाचटाच्या कोपीत बसून नातीला तरी सांभाळता येईल. त्यात तक्रार नव्हती. उद्या बाजार आहे म्हणावं तसं त्या बोलल्या. मला मात्र ते लागून राहिलं.

त्याच सुमाराला माझ्या साडूचं ऑपरेशन अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात झालं. त्याला बघायला गेलो तर दवाखान्याच्या आवारात एक पिकअप उभा होता. माझ्याच गाडीसारखा, पण चाकं अशी, की मी चालता चालता थांबलो. रुंद, उंच, जाड खाचांचे टायर, काळ्या अलॉय डिस्क, आणि चाकं गाडीच्या अंगाबाहेर चार बोटं आलेली. गाडी एखाद्या पैलवानासारखी पाय फाकून उभी होती. मालक तिथंच होता. तो म्हणाला, चिखल असो, दगड असो, कुठंही घाला, मागं वळून बघायचं काम नाही. मी चारी बाजूंनी फोटो काढले.

पुढचे पंधरा दिवस मला दुसरं काही सुचेना. जेवताना ताटाशेजारी मोबाईल ठेवून मी टायरचे व्हिडिओ बघायचो. कुठल्यातरी वाळवंटात, कुठल्यातरी बर्फात गाड्या उड्या मारत असायच्या. वरच्या वाडीसाठी मोठे टायर हवेत, हे मी बायकोला सांगत होतो आणि ते खरंही होतं. पण आज लिहायला बसल्यावर हेही कबूल करायला हवं, की बाजारच्या दिवशी तशी गाडी घेऊन पाटोद्याच्या चौकातून जावं, माणसांनी वळून बघावं, असंही मला वाटत होतं.

पाटोद्याच्या टोकाला एका चाचांचं टायरचं दुकान आहे. सत्तरीला टेकलेले, बारीक अंगाचे, पांढरी दाढी. आमच्या भागातले बरेचसे ड्रायव्हर त्यांच्याकडेच जातात, कारण ते कमी बोलतात आणि नको ते गळ्यात मारत नाहीत. बायको आणि मी गेलो. मी फोटो दाखवला आणि म्हणालो, हे पाहिजेत, चार.

चाचांनी चष्मा लावला, फोटो बोटांनी मोठा करून बघितला आणि मोबाईल मला परत दिला. मग ते दुकानाबाहेर आले आणि माझ्या गाडीच्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसले. टायरवरून तळहात फिरवला.

"मधून घासलंय," ते म्हणाले. "कडा अजून चांगल्या हायेत. कायम फुल हवा ठेवून फिरतोस ना, बेटा?"

मी म्हणालो, ओझं असतं, हवा भरावीच लागते.

"ओझं येताना असतंय. जाताना?"

जाताना रिकामे कॅन, असं मी सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली. मग फोटोतल्या टायरबद्दल ते सावकाश बोलले. असे टायर हौशीच्या जीपवर शोभतात. टायरच्या अंगावर बारीक अक्षरांत तो किती ओझं पेलतो हे लिहिलेलं असतं, पण खाचा बघणारा माणूस ते वाचत नाही. माझ्या पिकअपवर भरलेल्या कॅनांचं ओझं घेऊन तो उतारावरून उतरला तर एखाद्या दिवशी कडेनं फाटेल. चाकं अंगाबाहेर आली की बेरिंगला मार बसतो. पूर्ण वळण घेतलं की पुढचं चाक आतून पत्र्याला घासतं, मग लोक पत्रा कापतात. आणि एवढं मोठं चाक फिरवायला इंजिनाला जड जातं. चढावर पहिला गिअर दुसऱ्यासारखा वागतो, म्हणजे ज्या चढासाठी टायर घेतले तिथंच गाडी रडते. वर आरटीओत पासिंगला नेल्यावर साहेब विचारणार ते वेगळंच.

मला राग आला. मी पंधरा दिवस मनात जे उभं केलं होतं ते हे गृहस्थ शांतपणे एकेक वीट काढून पाडत होते. मी म्हणालो, तुम्हाला द्यायचे नसतील तर मी बीडला जातो.

"जा की," चाचा म्हणाले. "तिथं मिळतील."

तेवढ्यात बायकोनं विचारलं, "चाचा, त्ये टायर लावल्यावर हौदा किती उंच व्हईल? कॅन उचलावं लागतं मला."

चाचा उठून उभे राहिले. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग खिशातली टेप काढली. जुन्या टायरची उंची मापली, मनाशी हिशोब केला आणि हौद्याच्या फळीच्या वर बोटानं एक जागा दाखवली. पावणेदोन इंच. बायको फळीजवळ जाऊन उभी राहिली, दोन्ही हात कान धरल्यासारखे करून तिनं ते न दिसणारं ओझं वर उचललं, आणि हात छातीपासून खांद्याकडे गेल्यावर थांबली. दिवसाला वीस-बावीस वेळा.

"इतकी वर्सं दुकान चालवतो," चाचा म्हणाले, "हे कुणी इचारलं न्हाई मला."

मग त्यांनी मला विचारलं की तुझा तो रस्ता आहे कुठं. मी सांगितलं. ते म्हणाले, शुक्रवारी दुपारनंतर माझं दुकान बंद असतं, संध्याकाळच्या फेरीला मला घेऊन चल. रस्ता बघितल्याशिवाय टायर सांगणं म्हणजे पाय न बघता चप्पल देणं.

शुक्रवारी ते खरंच दारात उभे होते. हातात छत्री आणि चाकाची हवा मापायचं मीटर. केबिनमध्ये आम्ही तिघं बसलो. पाचही थांब्यांवर कॅन चढवताना ते उतरून बघायचे. सहाव्यासाठी निघताना त्यांनी भरलेले कॅन पाचव्या थांब्यावर एका ओसरीत उतरवून ठेवायला लावले. म्हणाले, सकाळी तू वर जातोस तशीच रिकामी गाडी मला बघायची आहे.

काळ्या मातीचा पट्टा तेव्हा वाळत आला होता, तो पार झाला. चढाखाली त्यांनी गाडी थांबवायला सांगितली आणि छत्रीची काठी करून चढ पायी चढायला लागले. मध्येच वाकायचे, दगड उलटा करून बघायचे. वरून हात केला तेव्हा मी गाडी घातली. अर्ध्यावर मागची चाकं फिरली. त्यांनी मला खाली परत पाठवलं, स्वतः उतरून आले, मागच्या दोन्ही चाकांतली हवा थोडी सोडली. दुसऱ्या वेळी गाडी बरीच वर गेली, मग अडकली. तिसऱ्या वेळी त्यांनी आम्हा दोघांना कामाला लावलं. ओढ्यातले दगड उचलून आम्ही हौद्यात बरोबर मागच्या चाकांच्या वर रचले. दहा-बारा चांगले थोराड दगड. आणि मग त्याच जुन्या टायरांवर माझी गाडी एकदाही न घसरता वर माळावर जाऊन उभी राहिली.

मी खाली उतरलो तेव्हा माझं तोंड पडलं होतं. मग नवीन टायरांची गरजच नाही का, असं मी विचारलं.

"गरज हाय," चाचा म्हणाले. "तुझ्या टायरच्या कडा दगडांनी कापल्यात. येत्या पावसात एखादा फुटंल. पण टायर निम्मं काम करतंय, बेटा. निम्मं तुला करायचंय."

मावशींच्या अंगणात आम्ही बसलो. त्यांनी चहा केला, चाचांसाठी बाज टाकली. बोलता बोलता निघालं, की चाचा तरुणपणी ट्रक चालवायचे आणि पाटोद्यातून ऊसतोडीच्या टोळ्या भरून खाली पश्चिमेच्या कारखान्यांकडे न्यायचे. मावशींनी विचारलं, कोणत्या वर्षांत. ते दोघांनाही नीट सांगता येईना. चाचांनी एक आठवण सांगितली. एकदा घाटात ट्रकचा एक्सल तुटला, दीड दिवस जागेवर बसून राहावं लागलं. टोळीतल्या बायकांनी रस्त्याच्या कडेला तीन दगड मांडून भाकरी केल्या आणि त्यांनाही पंगतीत घेतलं. वर कांदा आणि तिखट.

"आमी आसू," मावशी म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "आन् नसूबी. सगळ्याच टोळ्या आसंच करतेत."

चाचांनी मान हलवली. गाई रवंथ करत होत्या. निघताना मावशींनी त्यांना विचारलं की तुम्ही रस्ता बघायला आलात तर आता गाडी पावसात वर येईल का. चाचा म्हणाले, शब्द देत नाही, पण यायला पाहिजे.

दोन दिवसांनी आम्ही टायर ठरवले. माझ्या जुन्या टायरवर दोनशे पंधरा असा रुंदीचा आकडा होता. चाचांनी दोनशे पस्तीसचे सुचवले. एकच माप मोठे, पण ऑल-टेरेन, म्हणजे डांबरी आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणाऱ्या खाचांचे, आणि ओझ्याच्या गाडीसाठी बनवलेले, कडा जाड. टायरच्या अंगावरची बारीक अक्षरं त्यांनी मला स्वतः वाचायला लावली. डिस्क लोखंडीच ठेवल्या, त्यातली एक दगडावर आपटून वाकली होती ती बदलली. अलॉय दगडावर आपटली तर तडा जातो, लोखंड वाकलं तरी हातोड्यानं सरळ होतं, असं ते म्हणाले. आणि चार नाही, पाच टायर. स्टेपनी लहान मापाची ठेवली आणि माळावर टायर फुटला, तर दोन बाजूंना दोन मापांची चाकं लावून ओझं घेऊन उतरणार का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी पाचवाही काढायला सांगितला.

बायकोचा प्रश्न त्यांनी तिला विचारायची वेळ येऊ न देता सोडवला. टेप लावून म्हणाले, हौदा एका अंगठ्याच्या रुंदीएवढा वर जाईल, जास्त नाही. तिनं स्वतःचा अंगठा आडवा धरून फळीला लावला आणि म्हणाली, "मग चालंल."

टायर बसवून गाडी जमिनीवर आली. मी लांब जाऊन बघितलं. खरं सांगायचं तर मन खट्टू झालं. अंबाजोगाईचा तो पैलवान कुठं आणि ही गाडी कुठं. थोडी उंच, थोडी भरल्यासारखी, एवढंच. गावात एकानं विचारलंसुद्धा, नवे टाकले का बे, मोठे वाटत न्हाईत. चौकातून जाताना कुणी वळून बघितलं नाही. पहिले काही दिवस मला ते बोचलं आणि मग कामाच्या धबडग्यात बोचायचं थांबलं. मोठ्या चाकांमुळे वेगाचा काटा दाखवतो त्यापेक्षा गाडी थोडी जास्त पळते, आणि डिझेलही किंचित जास्त लागतं, हे चाचांनी आधीच सांगितलं होतं. तसंच झालं.

निम्मं काम माझं, हे त्यांचं बोलणं मी मनावर घेतलं. रिकामी गाडी वर न्यायची नाही, तर मग न्यायचं काय? दगड वाहून काय उपयोग? बायको म्हणाली, वाडीतले लोक पाटोद्याहून मोटारसायकलवर एकेक पोतं पेंड नेतात, ती पोती आपण नेऊ. त्या दिवसापासून वर जाताना आमच्या हौद्यात, बरोबर मागच्या चाकांच्या वर, सरकी पेंडीची पोती असतात. चढाखाली उतरून मी हवा थोडी सोडतो, आणि परत डांबरीवर आलो की सीटखालच्या छोट्या पंपानं भरून घेतो. सुरुवातीला याचा कंटाळा यायचा. आता हात आपोआप जातो.

पुढचा पावसाळा आला. आषाढ बरा गेला. चढावर गाडी अशी जायची की मला स्वतःचाच हेवा वाटायचा. मग श्रावणात एकदा दोन दिवस सलग पाऊस झाला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अडकलो. चढावर नाही. त्याच्या कितीतरी आधी, काळ्या मातीच्या पट्ट्यात.

काळ्या मातीबद्दलही चाचांनी बजावलं होतं. तिच्यावर कोणताही टायर उतारा नाही, ती खाचांत भरून बसते आणि चाकाचा गुळगुळीत लाडू करते. मला ते माहीत होतं, तरी चाक फिरायला लागल्यावर मी जोर दिलाच. गाडी खाली बसली. परत जोर दिला, आणखी बसली. मी स्टिअरिंगवर हात आपटला. तेव्हा बायको म्हणाली, "तुमी खाली उतरा. मी बघते."

माहेरी तिनं ट्रॅक्टर चालवलेला होता, हे मला लग्नापासून माहीत होतं. पण आमच्या पिकअपच्या त्या सीटवर ती त्या दिवसापर्यंत बसली नव्हती. मी कधी म्हटलं नाही, आणि तिनं मागितलं नाही. मी उतरलो. खुरप्यानं चारी चाकांच्या खाचांतला गाळ उकरला. जवळच्या बांधावर कुणीतरी तुरीच्या वाळक्या तुराट्या रचून ठेवल्या होत्या, त्यातल्या दोन पेंढ्या आणून चाकांपुढे अंथरल्या. ती सीट पुढे ओढून बसली. मी पहिला गिअर सांगितला, तिनं दुसरा टाकला. एक्सिलेटरचा आवाज इतका कमी होता की गाडी बंद पडणार असं मला वाटलं. ती बंद पडली नाही. म्हैस पाण्यातून उठावी तशी सावकाश उठली, तुराट्यांवर चढली आणि पुढे निघाली.

मी हात केला, थांब म्हणून. ती थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा रुतली असती, हे तिला कळत होतं आणि मला कळायला थोडा वेळ लागला. ती ओढ्यातून गेली, हवा न सोडताच चढाला लागली, आणि मी मागून चिखल तुडवत, हातात खुरपं घेऊन चालत राहिलो. मी वर पोचलो तेव्हा निम्म्या वाडीचं दूध तिनं मापलं होतं. मावशी मला म्हणाल्या, "तुमी कावून चालत आलात?" बायकोनं तोंडाला पदर लावला. मी खुरपं हौद्यात टाकलं.

त्या दिवशी दूध मापून झाल्यावर तिथंच सगळ्यांशी बोलणं झालं. टायरनं चढ जिंकला होता, आता अडचण त्या दोनशे पावलांचीच होती. कुणाला अर्ज करून वाट बघत बसण्यात पावसाळा गेला असता. चढाच्या कडेला मुरमाची दरड होती. पाऊस उघडल्यावर तीन दिवस सकाळची फेरी संपवून आम्ही तिथं जायचो. वाडीतले चार पुरुष, मावशी आणि आणखी पाच-सहा बाया. पुरुषांनी खणायचं, बायांनी घमेल्यानं हौदा भरायचा, मी मुरूम नेऊन पट्ट्यावर टाकायचा, फावड्यानं पसरायचा आणि त्याच्यावरून चाकं फिरवून दाबायचा. मावशींना गुडघ्यांमुळे वाकता येत नव्हतं, म्हणून त्या हौद्यावर उभ्या राहून वर आलेली घमेली रिकामी करायच्या. आयुष्यभर मोळ्या वाहिलेली बाई. हात कसा कुठं वळवायचा हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

त्या पावसाळ्यात वरच्या वाडीचं दूध फक्त दोन दिवस चुकलं, ओढ्याला पूर आला तेव्हा. ते दोन दिवस गाडीचाही इलाज नव्हता आणि माणसाचाही.

दसरा झाला. टोळ्या निघाल्या. आम्ही सकाळी गेलो तेव्हा माळावर सात घरांना कुलपं होती. मावशींच्या दारात गाई होत्या. दूध किटलीतून मापात ओतताना त्यांनी बायकोला सांगितलं, की मी काही गेले नाही, आणि नातीलाही ठेवून घेतलं, तिची शाळा आहे. घरातून पाढे म्हणायचा आवाज येत होता. बायको म्हणाली, बरं केलंत. त्या म्हणाल्या, "गाईला सोडून कुठं जाता येतंय?" जसं काही गाईच तेवढं कारण होतं.

चाचांना मी हे सगळं सांगितलं. आता ते दुकानात रोज येत नाहीत, दुकान मुलगा बघतो. पण मी पुढची चाकं मागं आणि मागची पुढं करून घ्यायला गेलो की निरोप जातो आणि ते येऊन बसतात. माझ्या गाडीनंतर तीन पिकअपवाल्यांनी तेच माप घेतलं. त्यातल्या एकानं आधी मोठ्या अलॉयचा हट्ट धरला होता, तेव्हा चाचांनी त्याला माझा नंबर दिला. मी त्या माणसाला सांगितलं, आधी तुझा हौदा कोण भरतं ते विचार, मग टायर बघ.

गेल्या वर्षी बायकोनं लायसन्स काढलं. संध्याकाळची फेरी आता बहुतेक तीच चालवते. सुरुवातीला मी शेजारी बसून पाय दाबत राहायचो, जणू माझ्याकडेही ब्रेक आहे. हळूहळू ते गेलं. या रस्त्यावरून मी इतकी वर्षं गाडी चालवली, पण डोळे कायम चाकांपुढच्या दहा हातांवर. शेजारच्या सीटवर बसायला लागल्यावर कळलं की चढ संपून माळावर आलं की डाव्या हाताला हिवराच्या दोन झाडांखाली एक बांधीव विहीर आहे. आत पाणी आहे, काठावर पारवे बसतात. मी बायकोला विचारलं, ही विहीर केव्हापासून आहे.

ती म्हणाली, "पयल्यापासून हाय." आणि तिनं गिअर बदलला.